बटण दाबल्यावरचे पहिले दहा सेकंद

गेल्या अंकात मी सहज एक वाक्य लिहिलं होतं : विंडोजचं चिन्ह दिसायच्या आधी पडद्यावर जे उमटतं, ते नुसतं जाऊ देऊ नका, वाचा. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलं आहे. पत्रं वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. बिघाड उंबऱ्यावर असतो आणि लोक आतलं घर उपसायला लागतात. दुरुस्तीच्या टेबलावर मला सव्वीस वर्षं झाली. विनाकारण फॉरमॅट मारलेली जेवढी मशीन माझ्याकडे आली, त्यांतल्या बऱ्याच मशीनचा दोष विंडोजमध्ये नव्हताच. विंडोजपर्यंत गाडी पोचलीच नव्हती.

प्रश्न : माझा डेस्कटॉप आठ वर्षांचा आहे. रोज सकाळी सुरू केला की तारीख भलतीच दिसते, काही वर्षं मागची. ती दुरुस्त करेपर्यंत बँकेची वेबसाइट उघडत नाही, कनेक्शन सुरक्षित नाही असा इशारा येतो. एकदा तारीख नीट केली की रात्री बंद करेपर्यंत काही तक्रार नाही. एकाने व्हायरस सांगितला आणि फॉरमॅट मारायला सांगितलं. दुसरा म्हणतो मदरबोर्ड गेला. (एक निवृत्त शिक्षक)

उत्तर : सर, फॉरमॅट मारू नका आणि मदरबोर्डही बदलू नका. ‘रात्री बंद करेपर्यंत काही तक्रार नाही’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि उरलेलं पत्र वाचायची गरजच राहिली नाही. वीज असेपर्यंत घड्याळ बरोबर चालतं आणि वीज गेली की विसरतं. म्हणजे वीज नसताना ते ज्याच्या जिवावर चालतं, तो सेल संपलाय.

मदरबोर्डवर एक चपटा, नाण्यासारखा सेल असतो. त्यावर ‘सीआर २०३२’ असं कोरलेलं दिसेल. या आकड्यात त्याचं मापच आहे : व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२ मिलिमीटर. दाब ३ व्होल्ट. हा सेल कॉम्प्युटर चालवत नाही, त्याचं मुख्य काम एका घड्याळाला जिवंत ठेवणं. त्या घड्याळात क्वार्ट्झचा एक स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. हा आकडा मुद्दाम निवडलेला आहे. तो पंधरा वेळा निम्मा करत गेलं की बरोबर १ उरतो, म्हणजे बरोबर एक सेकंदाचा ठोका मिळतो. मनगटी घड्याळातही हाच आकडा असतो.

आयबीएमच्या १९८१ च्या पहिल्या पीसीत ही सोय नव्हती. मशीन सुरू केलं की डॉस, म्हणजे विंडोजच्या आधीची ऑपरेटिंग सिस्टिम, आधी तारीख विचारायची, मग वेळ. १९८४ च्या पीसी-एटी मॉडेलपासून घड्याळ आणि बॅटरीवर जगणारी ६४ बाइटची इवलीशी मेमरी मदरबोर्डवरच आली. त्या मेमरीत घड्याळासोबत मशीनची सेटिंग्जही राहू लागली. ती मेमरी सीमॉस नावाच्या प्रकारची होती, ‘सीमॉस बॅटरी’ हे नाव तिथलंच आहे.

आता बँकेच्या वेबसाइटचं. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटकडे एक प्रमाणपत्र असतं आणि त्यावर ‘या तारखेपासून या तारखेपर्यंत ग्राह्य’ असं लिहिलेलं असतं. तुमचं मशीन काही वर्षं मागे उभं असतं. त्याच्या हिशेबाने त्या प्रमाणपत्राचा अजून जन्मच झालेला नाही. म्हणून ब्राउझर दार उघडत नाही, आणि हे तो बरोबरच करतो.

सेल बदलणं हे दहा मिनिटांचं काम आहे. पण सेलला हात लावण्याआधी एक काम कराच. मशीन सुरू करून लगेच डिलीट किंवा एफ-२ ची कळ दाबत राहा, सेटअपचा पडदा येईल. त्याच्या प्रत्येक पानाचा मोबाइलने फोटो काढून ठेवा. का, ते पुढच्या पत्रात कळेल. मग मशीन बंद करा, वायर भिंतीतून काढा, आणि कॅबिनेटच्या धातूच्या भागाला एकदा हात लावा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. सेलच्या खोबणीला बाजूला एक लहानशी पट्टी असते. ती नखाने बाहेर ढकलली की सेल आपोआप वर उडी घेतो. स्क्रूड्रायव्हरने उचकटू नका. मी पाहिलेल्या तुटलेल्या खोबणी सगळ्या स्क्रूड्रायव्हरनेच तुटल्या होत्या. नवा सेल अधिकची खूण वर ठेवून बसवा.

आणखी एक. वायर जोडलेली आणि भिंतीवरचं बटण चालू असलं, तर कॉम्प्युटर बंद असतानाही घड्याळाला तिथून थोडी वीज मिळत राहते, सेल खर्च होत नाही. रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करणाऱ्यांचा सेल म्हणून आधी संपतो. ते बटण बंद करणं चुकीचं आहे असं माझं म्हणणं नाही. सेल काही वर्षांनी बदलायचा असतो, एवढं धरून चाला.

प्रश्न : सेल बदलला. तारीख राहते, पण आता विंडोजच सुरू होत नाही. निळा पडदा येतो, मशीन पुन्हा सुरू होतं, पुन्हा निळा पडदा. डिस्क गेली का? (घरून लेखापरीक्षणाचं काम करणाऱ्या एक वाचक)

उत्तर : ताई, डिस्क बहुधा ठणठणीत आहे. ज्या चुकीचं मला आजही वाईट वाटतं, ती नेमकी इथेच झाली होती, म्हणून सविस्तर सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका गृहस्थांचं मशीन सेल बदलायला आलं. मी सेल बदलला आणि मशीन उठेना. डिस्क गेली असं समजून मी त्यांना तसं सांगूनही टाकलं. त्यांचा चेहरा उतरला, कारण सगळं काम त्याच डिस्कवर होतं. संध्याकाळी ती डिस्क दुसऱ्या मशीनला लावली तर सगळ्या फाइली जागच्या जागी. मग उलगडा झाला. सेल काढल्याबरोबर सेटअप मूळ पदावर गेला होता आणि डिस्कशी बोलायची पद्धत बदलली होती. विंडोज बसवताना ती ‘रेड’ होती, आता ‘एएचसीआय’ झाली होती. विंडोज आपला जुना ड्रायव्हर (डिस्कशी बोलणारा छोटा प्रोग्रॅम) घेऊन उभी राहिली, समोर अनोळखी दार, म्हणून निळा पडदा. सेटअपमध्ये एक शब्द बदलला आणि मशीन सुरू झालं. त्या माणसाने मात्र दिवसभर जीव मुठीत धरला होता.

तुम्ही सेटअपमध्ये साटा किंवा स्टोरेज या नावाचं पान शोधा. तिथे एएचसीआय असेल तर रेड करून बघा, रेड असेल तर एएचसीआय. काही मशीनवर रेडच्या जागी इंटेल आरएसटी किंवा व्हीएमडी असं लिहिलेलं असतं. फरक पडला नाही तर जसं होतं तसं परत ठेवा आणि बूटच्या पानावर ‘लेगसी’ (मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत) आणि ‘यूईएफआय’ (नवी पद्धत) यांतलं काय निवडलंय ते पाहा. दोन्हींपैकी काहीही बदलल्याने डिस्कवरचा मजकूर पुसला जात नाही. पडद्यावर रेडची नवी रचना तयार करायची का, असं विचारलं तर मात्र नाही म्हणा. त्या होकाराने खरंच पुसलं जाऊ शकतं.

नव्या बोर्डांवर सेटिंग्ज सेलवर अवलंबून नसतात, ती फ्लॅश चिपमध्ये लिहिलेली असतात. तरीही सेलची वीज तुटल्याची खूण दिसली की बरेच बोर्ड आपणहून मूळ सेटिंग्ज घेतात. वरच्या पत्रात फोटो काढायला सांगितले ते यासाठी.

प्रश्न : बायोस हे हार्डवेअर की सॉफ्टवेअर? वर्गात दोन गट पडलेत. आणि बटण दाबल्यावर पहिल्यांदा नक्की काय होतं? पुस्तकात ‘बायोस हार्डवेअर तपासतो आणि ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करतो’ एवढं एकच वाक्य आहे. (अकरावीतली विद्यार्थिनी)

उत्तर : तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एका वाक्यावर समाधान न मानणारं कुणी भेटलं की मला फार बरं वाटतं.

बायोस हे सॉफ्टवेअरच आहे. पण ते डिस्कवर नसतं, मदरबोर्डवर पक्क्या बसवलेल्या एका चिपमध्ये असतं, म्हणून त्याला फर्मवेअर म्हणतात. ती चिप तू पाहिलीस तर विश्वास बसणार नाही. आठ पायांची, करंगळीच्या नखात मावेल एवढी. आजच्या बोर्डांवर तिची क्षमता साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट असते. १९८१ च्या आयबीएम पीसीतला बायोस ८ किलोबाइटमध्ये मावला होता. नाव त्याआधीचं. १९७० च्या दशकाच्या मध्यात गॅरी किल्डॉल यांनी सीपी/एम ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. तेव्हा प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, डिस्क वेगळी, कीबोर्ड वेगळा. प्रत्येकासाठी अख्खी सिस्टिम नव्याने लिहायची का? किल्डॉल यांनी मशीनप्रमाणे बदलणारा भाग वेगळा काढला आणि त्याला बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टिम हे नाव दिलं. बाकीचं सगळं तसंच राहिलं. फक्त सीपी/एममध्ये तो भाग डिस्कवरून यायचा आणि आयबीएमने तो चिपमध्ये कायमचा बसवला.

आता बटण. तू ते दाबतेस तेव्हा प्रोसेसर लगेच कामाला लागत नाही. वीजपुरवठ्याचे सगळे व्होल्टेज स्थिर झाले की पॉवर सप्लाय एका तारेवरून ‘वीज ठीक आहे’ असा संकेत देतो. तोवर प्रोसेसरला दाबून धरलेलं असतं. संकेत आला की त्याला सोडतात.

सुटलेल्या प्रोसेसरला काहीही माहीत नसतं. रॅम किती आहे, डिस्क आहे का, पडदा आहे का, काही नाही. फक्त एक पत्ता त्याच्यात जन्मापासून कोरलेला असतो : पहिली आज्ञा इथून उचल. पहिल्या पीसीतला ८०८८ प्रोसेसर १ मेगाबाइटपर्यंतचे पत्ते ओळखायचा, आणि त्याचा तो पत्ता शेवटापासून फक्त १६ बाइट अलीकडे होता. ८०३८६ पासून तो ४ जीबीच्या शेवटापासून १६ बाइट अलीकडे गेला. सोळा बाइटमध्ये असं काय लिहिणार? म्हणून तिथे एकच गोष्ट लिहितात : ‘तिकडे जा’. कॉम्प्युटर आयुष्यात पहिलं काम कोणतं करतो, असं कुणी विचारलं तर हे उत्तर दे. तो उडी मारतो, आणि ती उडी बायोसच्या चिपमध्ये पडते. (आजच्या बऱ्याच प्रोसेसरांच्या पोटात आणखी एक छोटा प्रोसेसर असतो आणि तो मुख्य प्रोसेसरच्या आधी जागा होतो. पण तोही अशाच कोरलेल्या आज्ञांपासून सुरुवात करतो.)

यापुढचा टप्पा मला सगळ्यांत आवडतो. कोणत्याही प्रोग्रॅमला आकडे ठेवायला जागा लागते, ती जागा म्हणजे रॅम. पण रॅम अजून चालू नाही. ती चालू करायला प्रोग्रॅम लागतो, आणि प्रोग्रॅम चालायला रॅम लागते. बायोस लिहिणाऱ्यांनी यातून मार्ग काढला तो असा. प्रोसेसरच्या आत कॅश नावाची छोटी, वेगवान मेमरी असतेच. तिलाच थोडा वेळ रॅम म्हणून वापरायचं. त्या तेवढ्याशा जागेत उभं राहून बायोस खऱ्या रॅमची जुळणी करतो.

जुळणी हा शब्द मी मुद्दाम वापरला. प्रोसेसर आणि रॅम यांच्यामध्ये शेकडो तारा असतात आणि त्यांची लांबी किंचित कमी-जास्त असते. आजच्या वेगाला तेवढा फरकही नडतो, एका तारेवरचा संकेत दुसरीच्या मागे पडतो. म्हणून बायोस प्रत्येक तारेवर नमुन्याचा मजकूर पाठवतो, परत वाचतो, वेळ थोडी मागेपुढे करतो, पुन्हा पाठवतो. चुका बंद होईपर्यंत हे चालतं. सापडलेले आकडे तो लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी पटकन काम होतं. (काही मशीनवर हे काम तो आतला छोटा प्रोसेसरच करतो.) डीडीआर-५ रॅमच्या नव्या मशीनवर पहिल्यांदा ही जुळणी व्हायला काही मिनिटंही लागतात. त्या वेळात पडदा काळाच असतो. नवीन मशीन जुळवून बटण दाबल्यावर काहीच दिसलं नाही म्हणून घाबरून वीज बंद करणारे कितीतरी लोक मला भेटलेत. थांबले असते तर सुरू झालं असतं.

रॅम उभी राहिली की पुढचं भराभर होतं. पडद्याचं कार्ड, कीबोर्ड, डिस्क यांना एकेक करून हाक मारायची, उत्तर आलं का बघायचं. ही हजेरी म्हणजेच तुझ्या पुस्तकातली ‘तपासणी’.

मग शेवटचं काम. जुन्या पद्धतीत बायोस डिस्कवरचा पहिला ५१२ बाइटचा तुकडा उचलायचा आणि त्याच्या शेवटच्या दोन बाइटमध्ये ५५ आणि एए अशी खूण आहे का बघायचा. खूण असली की तो तुकडा रॅममध्ये ठेवून त्याच्यात उडी मारायची. त्यात काय लिहिलंय हे बायोसला कळत नसे, तो खुणेवर विश्वास ठेवायचा. नव्या पद्धतीत फर्मवेअरला फाइली वाचता येतात. डिस्कवर एक छोटा खास भाग असतो, त्यातली ठरलेली फाइल शोधून तो चालवतो. तिथून पुढे विंडोज किंवा लिनक्सचं राज्य.

वर्गातल्या दोन्ही गटांना हेही सांग. आयबीएमने आपल्या बायोसच्या सगळ्या आज्ञा तांत्रिक पुस्तिकेत छापून दिल्या होत्या. पाहता येतील, पण नक्कल केली तर कॉपीराइटचा भंग. कॉम्पॅक कंपनीने मग दोन गट केले. एकाने बायोस काय काय करतो याची यादी लिहिली. दुसऱ्या गटाने आयबीएमची एक ओळही वाचलेली नव्हती. त्यांनी फक्त त्या यादीवरून नवा बायोस लिहिला. १९८३ मध्ये त्यांचं मशीन विक्रीला आलं आणि आयबीएमवर चालणारे प्रोग्रॅम त्यावर चालले. १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असाच तयार बायोस इतर उत्पादकांना देऊ लागली. कोणत्याही कंपनीचा पीसी घ्या, विंडोज चालणारच, हे आपण आज गृहीत धरतो. त्याची सुरुवात त्या ८ किलोबाइटमधून झाली.

प्रश्न : माझ्या मशीनला बायोस आहे की यूईएफआय? आणि फरक पडतो का? (अनेक वाचक)

उत्तर : गेल्या काही वर्षांतलं मशीन असेल तर यूईएफआय. लोक त्यालाही बायोसच म्हणतात, मीही म्हणते, त्यात बिघडत नाही. इंटेलने १९९० च्या दशकात इटॅनियम प्रोसेसरसाठी नवं फर्मवेअर आखायला घेतलं, २००५ मध्ये अनेक कंपन्यांचा मिळून यूईएफआय फोरम झाला. जुन्या पद्धतीतली एक अडचण सगळ्यांना जाणवायची. डिस्कच्या विभागांची जुनी यादी ५१२ बाइटच्या हिशेबात २ टीबीच्या पुढचे पत्ते लिहूच शकत नाही. ४ टीबीची डिस्क लावली तरी निम्मीच वापरता यायची.

विंडोजमध्ये ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ उघडा, ‘बायोस मोड’ या ओळीसमोर लेगसी किंवा यूईएफआय लिहिलेलं दिसेल. २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला यूईएफआय लागतं. पण म्हणून सेटअपमध्ये जाऊन नुसतं लेगसीचं यूईएफआय करू नका, जुन्या पद्धतीने विभागलेल्या डिस्कवरून मशीन उठणार नाही. आधी बॅकअप, मग विंडोजमध्येच असलेल्या एमबीआर-टू-जीपीटी या साधनाने डिस्कच्या विभागांची यादी बदलणं (एमबीआर म्हणजे जुनी यादी, जीपीटी म्हणजे नवी), आणि त्यानंतर सेटअप. हा क्रम मोडू नका.

प्रश्न : कॅबिनेट उघडून धूळ साफ केली. आता सुरू केलं की बीप वाजतो, थांबतो, पुन्हा वाजतो. डिस्प्ले येत नाही. (एक वाचक)

उत्तर : रॅम काढून पुन्हा बसवा. धूळ साफ करताना ब्रशचा किंवा हाताचा धक्का लागून पट्टी किंचित उचलली गेली असणार.

पट्टी काढल्यावर खालची सोनेरी दातांची रांग उजेडात तिरपी धरून बघा. काळपट डाग दिसले तर पांढऱ्या मऊ खोडरबराने अगदी हलक्या हाताने, एकाच दिशेने पुसा आणि रबराचे कण झटकून टाका. सोन्याचा थर फार पातळ असतो, घासायचं नाही. बसवताना दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून समान दाब द्या, कडेची चिमटी ‘टक्’ करून मिटली पाहिजे. मिटली नाही म्हणजे पट्टी बसली नाही, दिसायला कितीही सरळ दिसू दे. दोन पट्ट्या असतील तर आधी एकच लावून बघा.

बीपबद्दल लोक मला फोनवर ‘बीप बीप होतंय’ एवढंच सांगतात. किती, लांब की आखूड, मध्ये किती थांबतो, हे कागदावर लिहून घ्या. वर सांगितलेल्या हजेरीत पडदा उशिरा चालू होतो. त्याआधीच बिघाड सापडला तर बायोस सांगणार कसा? म्हणून तो वाजवून सांगतो. त्याची भाषा प्रत्येक बायोसची वेगळी असते, त्यामुळे ‘तीन म्हणजे अमुक’ असं इथे लिहीत नाही. तुमच्या बोर्डाच्या पुस्तिकेत तक्ता असतो. नव्या बोर्डांवर बीपऐवजी बऱ्याचदा चार बारीक दिवे असतात : प्रोसेसर, रॅम, डिस्प्ले, बूट. ज्या दिव्यावर मशीन अडून राहतं तिथे शोधायचं. कुठेतरी अडलेलं मशीनही कुठे अडलंय ते सांगत असतं. मला या यंत्राची हीच गोष्ट सर्वांत प्रामाणिक वाटते.

प्रश्न : लॅपटॉप सारखा ‘बायोस अपडेट उपलब्ध आहे’ असं सांगतो. करू का? मित्राचा लॅपटॉप असाच अपडेट करताना कायमचा बंद पडला. (एक वाचक)

उत्तर : कारण असेल तर करा. कारण म्हणजे सुरक्षेचा दोष दुरुस्त केलेला असणं, तुम्हाला त्रास देणारा एखादा बिघाड त्या यादीत असणं, किंवा नवा प्रोसेसर बसवायचा असणं. सुरक्षेचं कारण आता हलकं घेऊ नका. २०२३ च्या डिसेंबरमध्ये लोगोफेल नावाचे दोष उघड झाले. सुरू होताना कंपनीचं चिन्ह दाखवणाऱ्या भागात ते होते. त्या चिन्हाच्या चित्रात फेरफार केला तर विंडोज जागी व्हायच्या आधीच घुसता येत होतं. तिथे अँटिव्हायरस कुठून येणार?

अपडेटची भीती मात्र खोटी नाही. डिस्कवरची सिस्टिम बिघडली तर दुसऱ्या पेनड्राइव्हवरून मशीन उठवता येतं. फर्मवेअर अर्धवट लिहिलं गेलं तर उठवणाराच उरत नाही. १९९८ मध्ये पसरलेल्या सीआयएच व्हायरसने हेच केलं. दरवर्षी २६ एप्रिलला तो जागा व्हायचा, डिस्कची सुरुवात पुसायचा आणि जमलं तर बायोसच्या चिपमध्ये कचरा लिहायचा. १९९९ च्या त्या तारखेला जगभर मशीन मेली.

माझ्याकडे अपडेट अर्ध्यावर तुटलेला एक लॅपटॉप आला होता. मध्येच वीज गेली होती आणि बॅटरी आधीच खराब होती. बटण दाबलं की पंखा फिरायचा, दिवा लागायचा, बस. मी खालचं झाकण काढलं, भिंगाखाली ती आठ पायांची चिप शोधली, पहिल्या पायाजवळचा ठिपका पाहून चिमटा लावला आणि प्रोग्रॅमरने, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या यंत्राने, आतलं सगळं दोनदा वाचून घेतलं. दोन्ही वाचनं जुळली तेव्हाच पुढे गेले. न जुळणारं वाचन म्हणजे चिमटा नीट बसलेला नाही. ती जुनी फाइल मी जपून ठेवली, कारण लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि त्याच्यासारख्या त्या एकाच मशीनच्या खुणा तिच्यातच असतात. मग निर्मात्याच्या फाइलमधला चांगला भाग त्यात बसवून चिप पुन्हा लिहिली. चिमटा काढला, बॅटरी जोडली, बटण दाबलं. पंखा फिरला, थांबला, पुन्हा फिरला आणि पडद्यावर उजेड आला. तुमच्या मित्राचा लॅपटॉप अजून घरात पडून असेल तर टाकून देऊ नका, चिप लिहिणाऱ्या माणसाकडे न्या.

तुम्ही अपडेट करणार असाल तर मॉडेलचं नाव अक्षरन् अक्षर जुळवा, फाइल निर्मात्याच्या वेबसाइटवरूनच घ्या, बॅटरी भरलेली आणि चार्जर जोडलेला असू द्या. आणि लोक हमखास विसरतात ते हे : बिटलॉकर (डिस्कवरच्या मजकुराला लागणारं विंडोजचं कुलूप) चालू असेल तर अपडेटपुरता स्थगित करा आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून ठेवा. बिटलॉकरची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. सुरू होताना फर्मवेअर ओळखीचंच आहे का, हे पाहूनच ती किल्ली मिळते. फर्मवेअर बदललं की ओळख पटत नाही, आणि मशीन तुमच्याकडे ते ४८ अंक मागतं. अंक नसतील तर मीही काही करू शकत नाही. हे सांगायची वेळ माझ्यावर आली आहे, आणि समोरच्याला ते ऐकवणं फार जड जातं.

प्रश्न : वडील गेले. त्यांच्या लॅपटॉपला सुरू होतानाच पासवर्ड आहे, विंडोजच्याही आधी. तो कुणालाच माहीत नाही. सेल काढला की पासवर्ड जातो असं ऐकलं. आत त्यांचे फोटो आहेत. (एक वाचक)

उत्तर : सेल काढून पासवर्ड जायचा तो जुन्या डेस्कटॉपवर. लॅपटॉपमध्ये तो सेलवर न चालणाऱ्या चिपमध्ये लिहिलेला असतो, सेल काढून तो जात नाही. तो काढायच्या युक्त्या मी इथे लिहिणार नाही, चोरीचा लॅपटॉप घेऊन बसलेला माणूसही हे सदर वाचत असेल. वडिलांच्या नावाचं बिल आणि तुमची कागदपत्रं घेऊन निर्मात्याच्या सेवा केंद्रात जा. काही कंपन्या खात्री पटवून तो काढून देतात.

पण तुम्हाला लॅपटॉप नको आहे, फोटो हवे आहेत. हा पासवर्ड मशीनच्या दाराचा आहे. डिस्कला वेगळा पासवर्ड किंवा बिटलॉकर लावलेला नसेल, तर डिस्कला या पासवर्डशी देणंघेणं नसतं. खालचं झाकण उघडून डिस्क काढून घ्या आणि यूएसबीच्या डबीत घालून दुसऱ्या मशीनला लावा. काही पातळ लॅपटॉपमध्ये डिस्क बोर्डावरच जडवलेली असते, तिथे हा मार्ग नाही, आणि झाकण उघडल्याबरोबर ते दिसेल. दुसऱ्या मशीनने डिस्क फॉरमॅट करायची का असं विचारलं तर नाही म्हणा आणि मला पुन्हा लिहा. डिस्क उघडली तर ‘यूझर्स’ या फोल्डरमध्ये वडिलांच्या नावाचं फोल्डर दिसेल. आधी ते सगळं दोन ठिकाणी उतरवून घ्या, फोटो बघत बसा ते त्यानंतर.